कुलूप राहू द्या, सही द्या

आठवीत मेहकरच्या वसतिगृहात राहायला निघालो तेव्हा आईने पत्र्याच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या करदोड्याला बांधली. पेटीत दोन सदरे, एक चादर, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणि तिखटाची बरणी. आमच्या बीबी गावच्या स्टँडवर हमालाने ती एसटीच्या टपावर चढवली. मी मागच्या खिडकीशी बसलो आणि गाडी थांबली रे थांबली की मान बाहेर काढून शिडीकडे बघत राहिलो. सुलतानपूर गेलं, मेहकर आलं. पेटी उतरली, कुलूप जसंच्या तसं. त्या दिवसापासून माझी पक्की समजूत झाली की कुलूप लावलं म्हणजे माल आपला.

ही समजूत मोडायला साठी ओलांडावी लागली आणि विमानात बसावं लागलं.

मुलगी अमेरिकेत, ओहायोत असते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे निघालो. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. कुरडया, सरगुंडे, मुगाच्या वड्या, येसर, तिखट, खोबऱ्याच्या वाट्या. वजन ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर केलं, तो म्हणाला, "सर, तुरीचं पोतं मोजतानाही एवढी काटछाट केली नाही कोणी." मुलीने फोनवर बजावलं होतं की साधं कुलूप लावू नका, लाल चौकटीच्या खुणेचं लावा. ते जालन्याहून आणलं. तरी माझं मन भरेना, म्हणून वरून नायलॉनची दोरीही आवळली. पूर्वी हजला निघालेल्या शेजाऱ्यांच्या बॅगा मी अशाच बांधून दिल्या होत्या. आता त्यांच्याकडूनच कळतं की जेद्दाच्या विमानतळावर दोरीने बांधलेलं सामान घेतच नाहीत. पट्ट्यावर अडकतं म्हणे.

मुंबईत बॅगा दिल्या, बोर्डिंग पास हातात आला आणि अर्ध्या तासात आमच्या नावाचा पुकारा झाला. विमान कंपनीचा एक मुलगा मला खाली एका खोलीत घेऊन गेला. आमची एक बॅग टेबलावर आडवी होती आणि शेजारच्या पडद्यावर तिच्या पोटातलं चित्र दिसत होतं. "काका, कुलूप तुम्हीच उघडा," तो म्हणाला. मी उघडलं. त्याने नेमक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढल्या. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, हे मला तिथे समजलं. त्यात तेल असतं, ढिगात ते आपोआप तापू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. पॉवर बँकचंही तसंच, ती बॅगेत न टाकता जवळ ठेवावी लागते. वहीत सही केली, कुलूप पुन्हा लावलं, दहा मिनिटांत वर आलो. बायको चिडली: "देवापुढे ठेवतो ते खोबरं, त्याने विमान पेटतंय होय?" पण मला राग आला नाही. माझी बॅग माझ्यासमोर उघडली, काय काढलं ते दाखवलं, का काढलं ते सांगितलं, माझी सही घेतली. शाळेतल्या माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

ओहायोत पोचून दुसरी बॅग उघडली तर सरगुंड्यांच्या डब्यावर एक छापील चिठ्ठी. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. मतलब असा की, तुमची बॅग तपासणीसाठी निवडली होती, आम्ही ती उघडून पाहिली आणि सामान परत ठेवलं. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्याला पहिल्या विमानतळावर बॅगा उचलून पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. मधल्या मुक्कामात हे घडलं होतं. कुरडई एकही मोडलेली नव्हती. पण बायको बराच वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसली. "माझ्या लुगड्यांत हात घातला कोणी? बाई होती की बाप्या?" याचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं. तपासणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही. निदान उघडल्याची कबुली तरी होती.

नोव्हेंबरात परतलो तेव्हा तीही मिळाली नाही.

धाकट्या भावासाठी मी डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या आणल्या होत्या. आमच्याकडे मोटारीची लाइन रात्रीची येते. हरभऱ्याला पाणी द्यायला तो मध्यरात्री मोबाईल दातात धरून दांड फोडतो, ते मला बघवत नव्हतं. घरी बॅग उघडली, तर एकच बॅटरी. कुलूप लागलेलं, चेन बंद, कपड्यांच्या घड्या मात्र आमच्या हातच्या नव्हत्या. चिठ्ठी नाही, काही नाही. वाटेत चार विमानतळ लागले होते. कोणाचं नाव घेणार? आणि खरं सांगायचं तर चोरी झाली असं तरी कसं म्हणू? आत लिथियमचा सेल होता, एखाद्या तपासनिसाला खटकला असेल, नियमाने काढला असेल. मग दुसरी का ठेवली? जप्ती की चोरी, एवढंसुद्धा मला ठरवता आलं नाही. हजार-बाराशेच्या वस्तूचं दुःख दोन दिवसांत सरलं. ठरवता न येण्याचं मात्र अजून सलतं.

आमच्या स्टँडवर चेन बसवून देणारा एक कारागीर आहे, माझाच जुना विद्यार्थी. बॅग त्याच्याकडे नेली. त्याने कुलूप हातात घेऊन वजन बघितलं, हसला. "सर, कुलूप तुमचं भारी हाय. पण लावलं कशाले? चेनीले!" कानामागचा बॉलपेन काढला, चेनीच्या दातांत मधोमध खुपसला आणि बोट फिरवावं तशी बॅग उघडली. कुलूप आपलं जागच्या जागी लटकत होतं. मग त्याने कुलपासकट दोन्ही रनर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत नेले; चेन पुन्हा मिटली. वर्गात मी प्रयोग करून दाखवायचो, तो बाकावर बसून बघायचा. त्या दिवशी आमच्या जागा बदलल्या होत्या.

तेव्हा पत्र्याची पेटी आठवली. ती राखली होती शिडीकडे लागलेल्या माझ्या नजरेने. कुलपाला मी उगाच श्रेय देत आलो.

आता कोणी म्हणेल, एवढा वैताग येत असेल तर बॅगा उघडूच नयेत. असं म्हणणाऱ्याने २३ जून १९८५ आठवावा. एअर इंडियाचं 'कनिष्क' टोरांटो, माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईला यायला निघालं होतं. आयर्लंडजवळ समुद्रावर त्याचा स्फोट झाला, ३२९ माणसं गेली. बॉम्ब होता व्हँकुव्हरला दिलेल्या एका बॅगेत. बॅग विमानात चढली, बॅगवाला चढलाच नाही. टोरांटोत सामान तपासायचं एक्स-रे यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं, हातातल्या साध्या उपकरणावर भागवलं गेलं. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर तशीच दुसरी बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. आपण ज्यांच्यावर चटकन संशय घेतो, तेच हे लोक. तुमच्या-माझ्या बॅगेत काय आहे याची पहिली जोखीम त्यांच्या अंगावर असते.

प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात, विमान खोळंबतं आणि आपण चुळबुळ करतो. त्या नियमामागे कनिष्कमध्ये गेलेली माणसं आहेत. आपला नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र खातं झाला, तोही कनिष्कनंतरच. तेव्हा तपासणी हवीच, आणि कुलूप तिच्या आड येता कामा नये. माझं भांडण उघडण्याशी नाही, न सांगता उघडण्याशी आहे.

अमेरिकेने यावर तोड काढली ती किल्लीची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथे वाहतूक सुरक्षेची टीएसए ही यंत्रणा उभी राहिली आणि २००३ सुरू होताना चेक-इनची प्रत्येक बॅग तपासायचं ठरलं. कुलूपबंद बॅगांची कुलपं तोडावी लागत. म्हणून त्याच वर्षी लाल चौकटीची खूण असलेली कुलपं बाजारात आली. आकडे तुमच्याकडे, पण यंत्रणेकडे अशी किल्ली की तिने हजारो कुलपं उघडावीत. जालन्याहून मी आणलं ते हेच. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक आहे, दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ते कस्टमवाल्यांचं असतं, काका." म्हणजे मी पैसे मोजून असं कुलूप घेतलं, ज्याची किल्ली मला मिळणारच नव्हती.

पुढची गंमत ऐका. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने सामान तपासणीवर लेख छापला आणि सोबत त्या किल्ल्यांच्या जुडग्याचा ठसठशीत फोटो दिला. किल्लीचे दात मोजता येतील इतका स्पष्ट. २०१५ मध्ये लोकांनी त्यावरून संगणकावर नकाशे तयार केले आणि थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकच्या किल्ल्या छापून कुलपं उघडून दाखवली. त्यावर यंत्रणेचं म्हणणं असं पडलं की ही कुलपं प्रवाशांच्या मनाच्या समाधानासाठी आहेत, विमानाच्या सुरक्षेशी त्यांचा संबंध नाही. हे वाचून मला बरं वाटलं. निदान स्पष्ट बोलले.

त्या किल्ल्यांची गोष्ट वाचताना मला अमेरिका दिसेना, आमचाच जिल्हा दिसू लागला.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी बोर्डाच्या परीक्षेला केंद्रसंचालक होतो. प्रश्नपत्रिका परिरक्षकाकडून यायच्या, कपाट कुलूपबंद, पाकिटं सीलबंद. पूर्वी ती पाकिटं केंद्रावरच्या कार्यालयात फुटायची. मग बोर्डाने रीत बदलली: पंचवीस प्रश्नपत्रिकांचं पाकीट थेट वर्गात न्यायचं, सील शाबूत असल्याचं मुलांना दाखवायचं, दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मगच फोडायचं. पहिल्या वर्षी आम्ही मास्तर लोक कुरकुरलो. पोरांच्या सह्या घ्यायच्या? आमच्यावर विश्वास नाही? पण दोन-तीन पेपर झाल्यावर लक्षात आलं की त्या सह्यांनी आमचीच पाठराखण होते. उद्या कोणी बोट दाखवलं तर आमच्याकडे कागद होता.

तरीही ३ मार्च २०२३ ला बारावीचा गणिताचा पेपर फुटला. सुरू व्हायच्या आधी पानं मोबाईलवर फिरली. आणि कुठे, तर आमच्या शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात. पोलिसांनी पकडलेल्यांत शिक्षकही होते. जिजाऊंच्या जन्मगावाचं नाव राज्यभर त्या बातमीत वाचताना मान खाली गेली. तेव्हा सगळे म्हणू लागले, कुलपं वाढवा, बंदोबस्त वाढवा. मला वाटलं, कुलपाने काय होणार? घात करायचाच असेल तर तो किल्ली ज्याच्या हाती त्याच्याकडूनच होतो. बाहेरच्या चोराला कपाट फोडावं लागतं, आतल्याला फक्त उघडावं लागतं. मात्र पाकीट कुठून कुठे गेलं, कोणाच्या हाती किती वाजता होतं, याची नोंद असली की चोर सापडतो. नसली की सगळेच संशयित, सगळेच निर्दोष.

अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावरच्या एका तपासनिसाने प्रवाशांच्या सामानातून कितीतरी कॅमेरे आणि लॅपटॉप लांबवले होते. सापडला कसा? एका वृत्तवाहिनीचा कॅमेरा त्याने इंटरनेटवर विकायला काढला आणि त्यावरचं वाहिनीचं लेबल काढायला विसरला. लेबल म्हणजे एक नोंदच की. कुलपाने पकडला नाही, चिकटपट्टीने पकडला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. घराची झडती घ्यायची तर पोलिसांना दोन पंच लागतात, पंचनामा लागतो, जप्त केल्या वस्तूंची यादी लागते. बॅग म्हणजे प्रवासातलं घरच असतं. मुंबईत मला जसं बोलावून, समोर उघडून, सही घेऊन सोडलं, ती रीत देशातल्या सगळ्या विमानतळांवर, जाताना आणि येताना, एकच असावी. प्रवासी समोर नसताना उघडायची वेळ आलीच तर आत चिठ्ठी असावी: जागा, वेळ, उघडणाऱ्याचा क्रमांक, काय काढलं आणि का. ती इंग्रजीबरोबर हिंदीत आणि त्या राज्याच्या भाषेत असावी, म्हणजे माझ्या बायकोला कोणाला विचारावं लागणार नाही. आणि बॅग मिटवताना क्रमांकाचं सील लावावं. मतदान यंत्राला लावतात, पेट्रोलच्या टँकरला लावतात, तसं. सील काही चोराला थांबवत नाही. ते फक्त चुगली करतं. तेवढंच हवंय.

अधिकारी म्हणतील, एवढ्या गर्दीत कसं जमायचं? गर्दी आहे हे खरं. २०२४ या एका वर्षात देशातल्या देशात १६ कोटींहून अधिक लोक विमानाने फिरले. पण उघडाव्या लागतात त्या बॅगा थोड्या. ज्याला चेन उघडायला वेळ आहे, त्याला चार रकाने भरायलाही वेळ असायला हवा. आमचे पर्यवेक्षक तीन तासांत वर्गभर उत्तरपत्रिकांवर सह्या करतातच ना?

नुकसानभरपाई आहे की, असंही कोणी सांगेल. आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराने, ज्यात भारत २००९ मध्ये सामील झाला, कंपनीची जबाबदारी माणशी कमाल १,५१९ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबी एकक), म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये आहे. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची. देशांतर्गत प्रवासात ती वीस हजार. पण त्यासाठी बॅग मोडल्याची तक्रार सात दिवसांत लेखी द्यावी लागते, काय होतं ते सिद्ध करावं लागतं, आणि रोकड, दागिने, नाजूक वस्तू यांची जबाबदारी कंपन्या आधीच झटकून मोकळ्या असतात. मी बीबीला पोचून, झोपून उठून, दुसऱ्या दिवशी बॅग उघडली. मुंबईत पट्ट्यापाशीच उघडायला हवी होती आणि कंपनीच्या काउंटरवर तक्रारीचा कागद भरून मगच बाहेर पडायला हवं होतं. ही चूक माझी. वाचकांनी करू नये. भरताना मोबाईलवर फोटो काढा, सोनं-औषधं-कागदपत्रं अंगाशी ठेवा, खोबरं तिकडच्या दुकानातून घ्या.

आणि कुलूप? लावा की. चेन वाटेत उसवू नये, पट्ट्यावर बॅग फाकू नये, एवढं काम ते करतं. घराच्या दारालाही आपण लावतोच. पण दार राखतो तो शेजारी. विमानतळावर तो शेजार कागदावरच उभा करावा लागेल.

येत्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं आहे. या वेळी दोरी बांधणार नाही. बॅगेत सगळ्यात वर, कुरडयांच्या डब्यावर, एक कागद ठेवायचं ठरवलंय. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकेसारखा तो आखून घेतलाय. डावीकडे वस्तूंची यादी, मराठीत आणि इंग्रजीत. उजवीकडे खाली चौकट, आणि चौकटीवर लिहिलंय: तपासणाऱ्याची सही व वेळ. सोबत एक बॉलपेनही ठेवणार आहे. बायको म्हणते, पेन चोरीला जाईल. जाऊ दे. निदान कोणीतरी चौकट वाचली, एवढं तर कळेल.